गाठ नेमकी कुठे आहे?

पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या सोनोग्राफीत ‘फायब्रॉइड’ हा शब्द उमटला, की देशातील अनेक दवाखान्यांत विचार थांबतो आणि ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सुरू होतो. तिला मूल हवे आहे का, हे विचारलेही जात नाही. वास्तविक गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी लहानशी गाठही गर्भ रुजण्यात अडथळा आणू शकते. बाहेरच्या आवरणाखालची मोठी गाठ बहुधा आणत नाही. भिंतीतल्या गाठींबाबत तज्ज्ञांतच मतभेद आहेत. नुसत्या सेंटिमीटरवरून निर्णय देणे हा आळस आहे. वयाचा घाला मुख्यतः बीजांडांवर पडतो. म्हणून केवळ गाठ काढण्याची शस्त्रक्रियाही अनावश्यक असेल, तर तिच्यानंतरची काही महिन्यांची सक्तीची प्रतीक्षा चाळिशीजवळ फार महाग पडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) 15 ते 49 वयोगटातील सुमारे 3 टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. सगळ्यांचे कारण गाठी नव्हते, हे मान्य. पण अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे 3 महिन्यांत स्वीकारा, असे राज्यांना एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बजवावे लागले. (वैद्यकशास्त्राला न्यायालयाने शिकवावे!) निदान सोनोग्राफीच्या अहवालात गाठीचे नेमके स्थान लिहिणे तरी सक्तीचे करा.