बूट आधी की पाय आधी?

रविवारी सकाळी सहाला पामबीच रोडवर उभं राहिलं की वाटतं, नवी मुंबईत आता साधा चालणारा माणूस उरलाच नाही. सगळे पळतात, नाहीतर सायकलवर असतात. आणि नुसते पळत नाहीत, सजून पळतात! अंगाला चिकटलेला टी-शर्ट, मनगटावर जीपीएसवालं घड्याळ, डोळ्यांवर गॉगल (सूर्य अजून पारसिकच्या डोंगरामागेच!), आणि बूट असे की किंमत ऐकून आमच्या आईने "सोन्याचे आहेत का?" असं विचारलं असतं.

मला या थाटाचा राग नाही. नवे बूट आणले म्हणून का होईना, चाळिशीतला माणूस पहाटे अंथरूण सोडत असेल तर पैसे वसूल झाले म्हणायचे. बुटांत काही दमच नसतो असंही नाही. २०१७ पासून कार्बन प्लेटचे बूट बाजारात आले आणि मॅरेथॉनच्या वेळा भराभर खाली आल्या. शेवटी २०२० साली जागतिक संघटनेला नियम करावा लागला: रस्त्यावरच्या शर्यतीत बुटाचा तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि आत प्लेट एकच. काही फरकच पडत नसता तर नियम कशाला केला असता?

पण गंमत अशी की हा फायदा जोरात पळणाऱ्याला जास्त मिळतो, रमतगमत पळणाऱ्याला फारच थोडा. म्हणजे बुटाच्या आधी पाय लागतात. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी पळून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला आणि १९६४ साली टोकियोत बूट घालून पुन्हा जिंकला. बूट आले-गेले, माणूस तोच होता.

आपला अविनाश साबळे घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. घर शेतकऱ्याचं, शाळेला जायचं ते पायी. पुढे सैन्यात भरती झाला, सियाचीनला राहिला, आणि पळण्याकडे नीट वळला तो त्यानंतर. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियालाच जायची, ती रांग या पठ्ठ्याने मोडली. बारामतीच्या लताबाई करे तर साठी ओलांडल्यावर, नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपटही आला.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. ओळखीतली एक मुलगी, नववीतली. शाळेत ८०० मीटरला नेहमी पहिली. तिला रविवारच्या एका गटात जायला सांगितलं होतं. दोन रविवार गेली, तिसऱ्या रविवारी घरीच. का गं, म्हटलं तर म्हणाली, "तिथे सगळे बुटांबद्दलच बोलतात." कोणी तिला टाकून बोललं नव्हतं. पण तिच्या कॅनव्हासच्या बुटांकडे सगळ्यांची नजर गेली आणि तिच्या पळण्याकडे कोणाचीच नाही!

मला वाईट वाटलं ते याचं. पळणं हा सगळ्यात स्वस्त खेळ. ना बॅट लागते, ना कोर्टाचं भाडं. तिथेही उंबरठा बांधला तर पुढचा साबळे आत येणार कुठून? शिवाय पळण्यात शिकण्यासारखं किती आहे! पहिल्या किलोमीटरला हात आखडता घेणं, चढावर श्वास सांभाळणं, पाय जड झाल्यावरही लय न सोडणं. हे दुकानात मिळत नाही, आपल्याहून चांगलं पळणाऱ्याच्या मागे पळूनच येतं. ती नववीतली पोर कित्येक गॉगलवाल्यांना हे शिकवू शकली असती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: नवीन माणूस आला की आधी "किती पळता?" असं विचारा. कुठले बूट, ते नंतर.

असो. पुण्याचा आमचा मामेभाऊ हे वाचतोच आहे. बाबा रे, तुझी तिसरी नवी जोडी मुबारक, पण या वर्षी दहा किलोमीटर पुरे कर! आणि कोणाच्या घरी चार नंबरचे धड बूट नुसते पडून असतील तर जरूर कळवा. पोरगी पळेल. तशी ती त्यांच्याविनाही पळतेच म्हणा.