जुन्या मोटारीची टिकटिक

जुन्या मोटारीच्या इंजिनांत टिकटिक सुरू झाली कीं गाडी थेट दुरुस्तीस नेऊन इंजिन उघडावयास सांगावें, ही जी चाल आपल्या शेतकरी बंधूंत पडली आहे ती आमच्या मतें सर्वस्वी अनिष्ट आहे. बैल लंगडूं लागला तर जाणता शेतकरी प्रथम त्याचा खूर उचलून पाहतो. मोटारीच्याच बाबतींत नीट ऐकण्यापूर्वीं खर्चास कां प्रवृत्त व्हावें, हें आम्हांस उमगत नाहीं.

बंगालमध्यें उत्तरपाड्यास होणारी अँबॅसडर २०१४ सालीं बंद झाली. कुर्ल्याची पद्मिनी त्यापूर्वींच थांबली. तरी या गाड्या अद्यापि कित्येक वाड्यांच्या अंगणांत आहेत. दोहींच्या जुन्या पेट्रोल इंजिनांची घडण एकाच धर्तीची : खालच्या कॅमदांड्यावरून उभे दांडे वर जातात, ते रॉकर हलवितात आणि रॉकर झडपा उघडतात. धातु तापून वाढतो म्हणून रॉकर व झडपेचा देठ यांमध्यें केसभर मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. झिजेनें ती वाढली म्हणजे टिकटिक ऐकूं येते. कॅमदांडा निम्म्या गतीनें फिरतो. म्हणून इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असतां एका झडपेचा ठोका ४०० वेळांच पडतो.

कनेक्टिंग रॉडाचें बेअरिंग गेलें असतां होणारा आवाज निराळा. तो जड व खोल असतो, प्रत्येक फेऱ्यास पडतो, आणि चढावर किंवा ओझ्याखालीं वाढतो. असा ठोका ऐकूं आल्यास गाडी तेथेंच उभी करावी. आणखी दोन कोस हाकण्याच्या मोहानें दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडतो. येथें मात्र इंजिन उघडण्यावांचून गत्यंतर नाहीं.

परीक्षेस प्रारंभ ऑइलच्या पट्टीपासून करावा. ऑइल कमी असेल तर तें भरून पुन्हां ऐकावें. कित्येकदां काम एवढ्यावरच भागतें. थंडपणीं मोठा असलेला आवाज इंजिन तापल्यावर नाहींसा होत असेल, तर धुराची नळी इंजिनास जेथें जोडली आहे तेथें काजळीचा डाग शोधावा. फटींतून निसटणारा वायूही हुबेहूब टिकटिकतो, व धातु तापून फुगला म्हणजे फट मिटते. त्यानंतर लांब पेचकसाची मूठ कानाशीं धरून टोंक इंजिनावर जागोजाग टेकवावें. आवाज कोठें मोठा होतो तें लगेच कळतें. मात्र उपरण्याचा पदर पंख्यापासून दूर असावा! संशय झडपांवर ठरला तर वरचें झांकण काढून, इंजिन हळू चालत असतां, एकेका रॉकरखालीं फीलर गेजचें पातें सारावें. ज्या ठिकाणीं पातें जातांच आवाज थांबतो, ती झडप दोषी.

आतां एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगतों. आवाज मुळींच राहूं नये म्हणून मोकळीक आवळून टाकणारे लोक आहेत. अशी झडप पुरती बसत नाहीं, तिच्या कडेनें जळता वायू निसटतो आणि ती करपते. तिचा आवाज मात्र येत नाहीं. किंचित् टिकटिकणारी झडप मुकी झालेल्या झडपेहून शतपटीनें बरी. दाट ऑइल घालून आवाज दडपणें हाही तसलाच प्रकार : थंडीच्या सकाळीं तें वरच्या रॉकरपर्यंत वेळेवर पोंचत नाहीं, आणि झीज उलट वाढते.

मिस्त्रीसच सर्व दोष देणें न्याय्य नव्हे. "आवाज येतो" एवढेंच सांगून गाडी त्याच्या दारीं सोडल्यावर तो तरी काय करणार? तो सर्व इंजिन उघडतो, आणि जें काम सकाळच्या दोन तासांत आटोपावें त्यासाठीं ऐन भाजीच्या दिवसांत गाडी पंधरवडाभर अडकते. आवाज थंडपणीं येतो कीं तापल्यावर, ओझ्याखालीं वाढतो कीं नाहीं, आणि कोठून येतो, या तीन गोष्टी मालकानें सांगाव्या, व त्या तपासल्यावांचून इंजिनास हात लावूं देऊं नये.

मोकळीक किती ठेवावी हें गाडीच्या पुस्तिकेंतच पाहावें. ऐकीव आंकड्यावर विसंबूं नये. अशा पुस्तिका बहुतेक घरांतून हरवल्या आहेत. ज्या सभासदांपाशीं असतील त्यांनीं आपली प्रत नक्कल करून घेण्यासाठीं संघाच्या कचेरींत द्यावी, आणि संघानेंही प्रत्येक तालुक्याच्या भांडारांत एकेक फीलर गेज ठेवावें.