‘मुलगा की मुलगी?’

उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये तान्ह्या बाळाचे कपडे मागितले, की विक्रेता बाळाचे वय विचारण्याआधी ‘मुलगा की मुलगी?’ असे विचारतो. उत्तर मिळताच निम्मा माल मागे सरतो. अंबरनाथ-बदलापूरच्या दुकानांतही हाच परिपाठ आहे आणि पुष्कळांना तो परंपरेचा भाग वाटतो. वस्तुतः आपल्या घरांत झबले, टोपडे, कुंची, दुपटे ही मुलाला व मुलीला सारखीच असत. आजीच्या जुन्या मऊ लुगड्यातून शिवलेले झबले थोरल्याकडून धाकटीकडे आणि तिच्याकडून चुलत भावंडाकडे जाई. अपरिग्रहाचे नाव न घेता तो पाळला जात असे.

गुलाबी-निळ्याची वाटणी बाजाराने केली, आणि तीही एकदा उलटली आहे. १९१८ मध्ये अमेरिकेतील बालवस्त्रांच्या एका व्यापारी मासिकाने गुलाबी हा ठसठशीत रंग मुलग्यांसाठी व नाजूक निळा मुलींसाठी सुचविला होता!

आपल्या वाचकांपैकी अनेकजण काउंटरच्या पलीकडे बसतात, म्हणून थोडा हिशेब. प्रत्येक मापाचा माल दोन रंगांत ठेवणे म्हणजे दुप्पट साठा; हंगाम सरल्यावर उरलेल्या मालात भांडवल अडकते आणि कॅश क्रेडिटचे व्याज मात्र थांबत नाही. पिवळा, हिरवा, पांढरा, राखाडी माल दोन्हीकडे खपतो. भावंडांनी कपडे वाटून घेतले तर विक्री घटेल, ही शंका अगदीच निराधार नाही. परंतु १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगण्यास आपल्याकडे बंदी आहे. प्रसूतीपूर्वी खरेदीस येणाऱ्या आत्याने त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे तरी कसे?

रंगापेक्षा मला शिवणीची चिंता अधिक वाटते. उल्हासनगर हे जीन्सचे गाव. कापड तेच, यंत्र तेच. तरी चिमुरडीच्या जीन्सला खिशाच्या जागी पुष्कळदा नुसती शिलाई असते. तिने शाळेच्या वाटेवर वेचलेली चिंच ठेवायची कोठे? पादत्राणांतही तेच. मुलाला जाड तळाचा बूट आणि मुलीला पातळ, गुळगुळीत तळाची बेली. पावसाळ्यात बदलापूरच्या ओल्या फरशीवर कोण घसरेल, हे सांगावयास नको.

बूट घेताना मूल उभे करून दोन्ही पाय मोजावेत. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, मागे टाच सुटू नये. पट्टा वेल्क्रोचा असल्यास चार वर्षांचे मूल तो स्वतः लावते. आतील किंवा तळाची खूणही पाहावी: पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, विणीची जाळी म्हणजे कापड, समभुज चौकोन म्हणजे अन्य सामग्री. कपडे धाकट्या भावंडाला खुशाल द्यावेत. बुटाचा तळ मात्र एका बाजूने झिजला असेल तर तो देऊ नये, कारण त्याने पहिल्या पायाची ठेवण घेतलेली असते.