मोरचूद, विळा आणि बारावीचा धडा

संक्रमण मूलद्रव्ये आणि कोऑर्डिनेशन कंपाउंड्स हे धडे आले की बारावीची मुलं व्याख्या पाठ करायला लागतात. तासगाव-पलूसच्या मुलांनी तरी असं का करावं? त्यांच्या घरातच मोरचूद आहे.

परीक्षानळीत मोरचुदाचा निळा खडा तापवा, तो पांढरा पडतो. गार झाल्यावर पाण्याचे दोन थेंब टाका, पुन्हा निळा! म्हणजे हा रंग एकट्या तांब्याचा नाही. तांब्याभोवती बसलेले पाण्याचे रेणू तो आणतात. हेच लिगँड. द्रावणात जास्त अमोनिया घातला की तो पाण्याची जागा घेतो आणि रंग गडद निळा होतो.

आता बागेत चला. 1 टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना. जुनी माणसं त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला, तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं करपतील. अजून चुना घालायचा.

साताऱ्याचा आलं उत्पादक 'चिलेटेड' लोह आणतो, ते काय असतं? ईडीटीएने खेकड्याच्या नांगीसारखं सहा ठिकाणी धरलेलं लोह.

माझं मत स्पष्ट आहे: आधी विळा, मग सूत्र. नाहीतर मूल मार्क मिळवेल, पण वडिलांच्या कामाला अडाणीपणा समजेल. पालकहो, फवारणीच्या दिवशी मुलांना कारण विचारा. मोरचूद विषारी आहे, एवढं मात्र आधी सांगा.