भातानंतरचा चारा: नांगरट टाळण्याआधी जमिनीत सळई घालून बघा

भात कापून झाला की मालवण, देवगड भागातून एक प्रश्न हमखास येतो: त्याच ओलीवर, न नांगरता मका किंवा चवळीचा हिरवा चारा घेता येईल का? विचार रास्त आहे. ओल टिकते, पेरणी लवकर होते, पॉवर टिलरचे भाडे वाचते. नुसत्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के, त्यावर दूध कसे वाढणार?

पण उत्तर सगळ्या जमिनींना सारखे नाही. वर्षानुवर्षे चिखलणी केलेल्या खाचरात साधारण 15 ते 20 सें.मी. खाली टणक थर बसतो. भाताला तो उपयोगी, कारण पाणी धरून ठेवतो. मक्याची मुळे मात्र तिथे अडतात, आडवी पसरतात. वरची ओल डिसेंबरात संपली की पीक पिवळे पडते आणि आपण युरिया टाकतो. दोष खताचा नसतो.

2015 पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये मिळून 12 बाबी असतात; माती किती दबली आहे हे त्यात नसते. ती तपासणी आपणच करायची. जमीन ओलसर असताना (वाळलेली माती कुठेही कडकच लागते) बोटाएवढी लोखंडी सळई हाताने दाबा. वीतभर खोलीवर अचानक अडली, तर शेजारी खड्डा घेऊन भाताच्या जुन्या मुळ्या कुठे थांबल्या ते पाहा. जांभ्याचा खडा लागला असेल तर तेही तिथेच कळेल.

थर असेल तर खोल नांगरून तो फोडू नका, पुढच्या पावसाळ्यात खाचरात पाणी ठरणार नाही. त्याऐवजी एकदाच माती वर ओढून गादीवाफे करा, मुळांना वरच्या बाजूने खोली मिळते. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्रात हेच आहे: चिखलणी नाही, कायमचे वाफे, भाताची मुळे जमिनीतच. मात्र मग त्या वाफ्यांवर भातही चिखलणीशिवायच घ्यावा लागतो. ही तयारी नसेल, तर वाफ्यांच्या भानगडीत पडू नये.

किनाऱ्यालगतच्या वाळूसर जमिनीत सळई सहज जाते. तिथे नांगरटीची गरज कमी, अडचण ओलीची. पेंढ्याचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन नसेल आणि विहिरीचे पाणी पुरणार नसेल, तर मक्याऐवजी चवळी पेरा. पाण्याची सोय असेल तर आफ्रिकन टॉल मका, गुंठ्याला पाऊण किलो बी. पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांवरच करून बघा, शेजारी तेवढाच तुकडा नांगरून पेरा आणि दोन्हीकडचा चारा कापून वजन करा.