संवादाची अडचण असलेल्या दिव्यांगांना सेवा-सुधारणेत सहभागी करून घेण्याबाबत निवेदन

प्रति,
1) मा. जिल्हाधिकारी, मुंबई उपनगर जिल्हा, वांद्रे (पूर्व)
2) मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय: बोलण्या-समजण्यात अडचण असलेल्या दिव्यांगांचे मत थेट त्यांच्याकडून घेण्याची व्यवस्था करणे.

महोदय,

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, पक्षाघातानंतरचा वाचाघात किंवा कर्करोगामुळे काढावे लागलेले स्वरयंत्र अशा कारणांनी अनेकांना बोलणे अवघड जाते; काहींना समोरच्याचे बोलणे समजून घेणेही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात वाचादोष असलेल्या सुमारे 4.73 लाख व्यक्तींची नोंद झाली. त्या जनगणनेत सेरेब्रल पाल्सी व स्वमग्नतेसाठी स्वतंत्र रकाना नव्हता. त्यामुळे या अडचणीची खरी व्याप्ती त्या आकड्यावरून कळत नाही.

यांपैकी अनेकांचे जेवण, अंघोळ, औषधपाणी, प्रवास दुसऱ्याच्या हाती असते. सेवेविषयी विचारणा मात्र बहुधा पालकांकडे किंवा काळजीवाहकाकडे होते. पालकांचे मत मोलाचे आहेच. पण घास भरवण्यातली घाई, उचलताना होणारी वेदना किंवा एकांतातली दमदाटी ज्याच्या वाट्याला येते, त्यालाच ती नेमकी ठाऊक असते. अस्पष्ट बोलणाऱ्याला मत नसते, हा समजही चुकीचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणे अवघड असलेल्या मुंबईच्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकून आपले आत्मकथन लिहिले.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 2 मध्ये संवादाच्या व्याख्येत ब्रेल, सांकेतिक भाषा, सोपी भाषा व पर्यायी संवादसाधने येतात. कलम 25 दिव्यांगांच्या आरोग्यसेवेची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणांवर टाकते, तर कलम 72 जिल्हास्तरीय समितीची तरतूद करते. भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगहक्क करारानुसार दिव्यांगांविषयीचे निर्णय त्यांच्याशी विचारविनिमय करूनच घ्यायचे आहेत.

यासाठी लागणारे ज्ञान जिल्ह्यातच आहे. वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत चित्रांवर आधारित 'जेलो' हे संवाद-ॲप तयार झाले आहे. या साधनांना प्रशासनाच्या कामकाजात जागा मिळणे बाकी आहे.

मागण्या:

1. राजावाडी, कूपर व कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयांसह पालिकेच्या रुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग व वॉर्डांत मराठी-हिंदी चित्रफलक व अक्षरफलक ठेवावेत. रुग्णाशी संवाद कसा साधावा, याची नोंद केसपेपरवर करावी.

2. जिल्हास्तरीय समितीच्या बैठकांत बोलण्या-समजण्यात अडचण असलेल्या व्यक्तींना निमंत्रित करावे. प्रश्न सोप्या मराठीत व चित्रांसह किमान 10 दिवस आधी द्यावेत, म्हणजे फलकावर किंवा यंत्रावर उत्तर तयार करता येईल. बैठकीत उत्तरासाठी पुरेसा वेळ राखावा.

3. संवादासाठी मदतनीस निवडण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच असावा. ज्या संस्थेच्या सेवेविषयी विचारणा आहे, तिचा कर्मचारी मदतनीस म्हणून बसू नये.

4. केवळ 'हो-नाही'वर निष्कर्ष काढू नये. तोच प्रश्न उलट बाजूने विचारून उत्तराची खात्री करावी. नकार व मौन यांचीही नोंद घ्यावी.

5. मुलुंड-घाटकोपरहून वांद्र्याला येताना लोकल बदलावी लागते. म्हणून अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथे विभागवार बैठका घ्याव्यात. प्रवासखर्च, मदतनीसाचा खर्च व सहभागाचे मानधन द्यावे.

6. काळजी-सेवेचे अनुदान किंवा कंत्राट नूतनीकरण करण्यापूर्वी तेथील लाभार्थ्यांचे मत वरील पद्धतीने नोंदवणे बंधनकारक करावे.

7. मिळालेल्या सूचनांपैकी कोणत्या स्वीकारल्या, कोणत्या नाकारल्या व का, हे त्या व्यक्तीला समजेल अशा स्वरूपात कळवावे.

पहिल्या टप्प्यात चारही ठिकाणी एकेक बैठक घेऊन वरील मागण्यांवरील निर्णय 30 दिवसांत लेखी कळवावा, ही विनंती.

निवेदक,
वाचा व भाषा दिव्यांग व्यक्ती आणि त्यांचे पालक,
मुंबई उपनगर जिल्हा