न्यायमूर्ती कोणी नेमावेत?

न्यायमूर्तींच्या नेमणुकीत विधिमंडळाला स्थान असावे काय, हा प्रश्न घटना समितीपुढेही आला होता. प्रा. के. टी. शहा यांनी राज्यसभेचा सल्ला घेण्याची तरतूद सुचविली. २४ मे १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. सेनेटच्या संमतीची अमेरिकन पद्धत अवजड असून तीतून राजकीय दडपण शिरते, असे त्यांचे मत होते. परंतु शासनाला अनिर्बंध अधिकार देणे आणि सरन्यायाधीशांना नकाराधिकार देणे, हेही त्यांनी तितकेच धोक्याचे मानले.

हे तिन्ही इशारे खरे ठरले. १९७३ साली शेलत, हेगडे व ग्रोव्हर या तीन न्यायमूर्तींना डावलून न्या. रे सरन्यायाधीश झाले. आणीबाणीत नागरिकाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने एकट्याने निकाल देणाऱ्या न्या. खन्नांना १९७७ मध्ये त्याची किंमत मोजावी लागली. १९९३ च्या निकालाने सूत्रे न्यायमूर्तींच्याच हाती गेली. शासनाची मनमानी रोखली गेली, पण निवडीची चर्चा बंद दाराआड गेली. २०१५ मध्ये न्यायालयाने रद्द ठरविलेल्या नियुक्ती आयोगात कायदामंत्र्यांना जागा होती, संसदेतील खुल्या चौकशीला नव्हती.

मग सेनेटचा कित्ता गिरवावा काय? २०१६ मध्ये तेथील बहुमताने मेरिक गार्लंड यांची सुनावणीसुद्धा होऊ दिली नाही. निवडणूक जवळ आल्याचे कारण दिले. त्याच पक्षाने २०२० मध्ये निवडणुकीला आठ दिवस उरले असताना एमी बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ मतांनी संमती दिली. जेथे संमती म्हणजे केवळ संख्याबळ, तेथे तत्त्व सोयीनुसार बदलते. आपल्याकडे तर शासन ज्या बहुमतावर उभे असते, तेच बहुमत संमती देणार. म्हणजे १९७३ चीच पुनरावृत्ती, फक्त संसदेच्या शिक्क्यानिशी.

म्हणून मागणी मताधिकाराची नव्हे, उघडेपणाची हवी. निवडीचे निकष व कारणे प्रसिद्ध व्हावीत. सत्ताधारी व विरोधी सदस्यांची संख्या समान असलेल्या संसदीय समितीला निवड करणाऱ्यांकडून खुलासा मागता यावा. नकाराधिकार मात्र तिला नसावा. शासनाने नाव अडविल्यास ठरावीक मुदतीत लेखी कारण द्यावे. दलित, आदिवासी आणि स्त्रिया वरिष्ठ न्यायासनांवर इतक्या थोड्या का, हा प्रश्न तेव्हाच उत्तरदायी व्यासपीठावर येईल.

न्यायालयाचे स्वातंत्र्य हे न्यायमूर्तींचे वतन नव्हे. स्थानबद्ध कार्यकर्त्याचा, जमिनीवरून हुसकलेल्या कुळाचा तो अखेरचा आधार आहे. त्याचे रक्षण करायचे तर शासनाला दूर ठेवले पाहिजे, आणि लोकांना अंधारात ठेवता कामा नये.